बाईंची घराण्यांची वही

माझ्या एका वाक्यानं एक ठरलेलं लग्न मोडलं आणि त्याचा दोष बाईंनी स्वतःवर घेतला. हे आधीच सांगतो. पुढे बाईंबद्दल जे चांगलं लिहीन ते कुणाच्या तोंडचं आहे, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

बाई आमच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात रुग्णांच्या घराण्यांची माहिती नोंदवायला होत्या. तुम्हीही पाहिलं असेल, बाकावर बसलेला माणूस आपल्या दुखण्याबद्दल तासभर बोलतो, पण घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं की गप्प होतो. अशा माणसासमोर बाई खुर्ची ओढून बसायच्या, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायच्या आणि म्हणायच्या, "पावणं, एकट्याचं असं काय नसतंय. सांगा, घरात आणखी कोण?"

अंगावरचं कोड घराण्यात कसं उतरतं, याचा अभ्यास आमचे डॉक्टर करत होते. घरातल्यांचं रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचं आणि घराण्याचा नकाशा बाईंच्या वहीत. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला कोड, त्याचा आकार पेन्सिलीनं भरलेला. मी ती पानं संगणकावर चढवत असे. वहीच्या कपाटाची किल्ली एकच, बाईंच्या कमरेला. दुपारी त्या वॉर्डात गेल्या की ती माझ्या टेबलावर ठेवून जात. नियमात बसत नव्हतं. माझं काम अडू नये म्हणून त्या तसं करत.

एकदा कोड आलेल्या एका पेशंट बाईनं घाबरत विचारलं, "मला हाय म्हंजे पोरीलाबी येणार व्हय?"

"तुमच्यात वर्साची चटणी करतासा न्हवं?" बाईंनी विचारलं.

"व्हय की. मिरची, धणं, खोबरं, तीळ, लसूण."

"आन् शेजारीण?"

"तिचंबी तेच. पर लई जळजळीत करती."

"जिन्नस तेच, परमाण निराळं. अंगातबी तसंच. जनुकांत शेकडो बारीक फरक असत्यात. थोडं आईकडनं येत्यात, थोडं बापाकडनं. एकट्या मिरचीनं चटणी हुईत न्हाई, तसं एकट्या फरकानं कोड येत न्हाई. लई जमलं तर कल वाढतो. वरनं जगण्यातलंबी काय काय लागतं. आन् कल हाय म्हंजे रोग हाय असं न्हाई."

दारात उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "पुढच्या परिषदेला बाईंनाच पाठवतो."

"भाडं देतासा काय, ते सांगा आधी," बाई वर न बघता म्हणाल्या.

एका दुपारी डबा खाताना त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर माझं घराणं काढलं. आईला मधुमेह, वडिलांना मधुमेह, थोरले काका त्यातच गेलेले, आत्यालाही. पान बघता बघता काळं झालं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरं, या घरात मी तर पोरगी दिली नसती."

"लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या, बाई."

"मग साखर बघून घे. लगीन झालंय म्हणून ती थांबत न्हाई."

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी "साखर बघितलीस?" हा प्रश्न येई आणि मी हसून टाळत असे.

त्याच वर्षी गडहिंग्लजचा माझा मावसभाऊ मुलासाठी स्थळ बघत होता. लग्नाआधी ओळखीतून चौकशी काढणं आमच्याकडं इतकं रोजचं, की तो थेट माझ्या टेबलाशी येऊन बसला. "पोरगी हातकणंगल्याची. पसंत हाय, साखरपुडा ठरलाय. पर आई तुमच्यात औषधाला येती म्हणं. नेमकं काय हाय? घरचा माणूस हाईस म्हणून इचारतोय."

बाई वॉर्डात होत्या. किल्ली टेबलावर होती. आईचं वर्तुळ भरलेलं, मुलीचं कोरं. मी म्हणालो, "आईला कोड आहे. पोरगी स्वच्छ आहे."

'स्वच्छ' म्हणालो मी. त्या घरातल्या मुलीला कोड येण्याची शक्यता किती थोडी, हे मीच आदल्या आठवड्यात संगणकावर टंकलं होतं. माहीत नव्हतं, असंही म्हणायची मला सोय नाही. मावसभावानं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं. आठ दिवसांत नकार गेला आणि नकाराबरोबर कारणही गेलं.

मुलीचे वडील रुग्णालयात आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाई, तुमाला इस्वासानं सांगितलं हुतं. आता धाकटीलाबी कोण इचारंना."

डॉक्टरांनी विचारलं, हे बाहेर गेलं कसं? मी फाइल धरून तीन हात अंतरावर उभा होतो. वही आम्ही दोघंच हाताळत होतो, म्हणजे बाईंना कळलंच होतं. त्या म्हणाल्या, "वही माझी, किल्ली माझी. माझ्याकडनंच गेलं."

मी फाइल घेऊन माझ्या टेबलाकडं परतलो. बाईंना अभ्यासातून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. त्या घरानं दिलेलं रक्त परत मागितलं आणि मुलीच्या आईनं उपचारासाठी येणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीसमोरून मान खाली घालून निघालो होतो. आतून आवाज आला, "साखर बघितलीस?"

त्या दिवशी शरमेनं गेलो आणि रक्त दिलं. साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडली, अजून कशाला धक्का नाही. आज माझी नजर चांगली आहे, पाय धड आहेत. ज्या बाईंना मी बुडवलं, त्यांनी दिलेलं हे आरोग्य मी रोज वापरतो.

निवृत्त होऊन बाई कागलला बहिणीकडं राहायला गेल्या. धीर करून मी तिथं गेलो तेव्हा त्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं बोललो. त्यांचे हात थांबले नाहीत.

"तवा का बोलला न्हाईस?"

"नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

"ते म्हाईत हुतं. तुझी दोन पोरं शाळंत हुती, म्हणून मीबी बोललो न्हाई. पर पोरं मोठी झाली की रं आता." टरफलं बाजूला सारत म्हणाल्या, "माझी नुसती खुर्ची बदलली. ज्यांचं घर उघडं केलंस, त्यांच्याकडं जा. मी संगं यायची न्हाई."

'जातो' म्हणालो आणि चार महिने गेलो नाही. मग बाई गेल्याचा फोन आला. त्यांचे दिवस झाले, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी हातकणंगल्याची एसटी धरली.

दार मुलीच्या आईनं उघडलं. डाग आता मनगटापासून बोटांपर्यंत आले होते. मला बघताच तिनं हात पदराखाली घेतला. रुग्णालयातला माणूस, एवढी ओळख तिला पटली.

"थोरली कशी आहे?" मी विचारलं.

"दिली पुढं, उशिरानं. बरी हाय." तिनं माझ्या मागं पाहिलं. "बाई आल्या न्हाईत?"

"बाई गेल्या. पंधरा दिवस झाले."

ती उंबऱ्यावर टेकली. "त्या वक्ताला आमी त्यांनाच दोष दिला," ती म्हणाली. "त्यांनी असं करायला नको हुतं."

मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसलो.

"त्यांनी केलंच नव्हतं, ताई. तुमच्या घरचं मी बाहेर सांगितलं. बाईंनी माझ्यासाठी ऐकून घेतलं आणि मी शेजारी उभा होतो. मला माफ करा."