पोथीच्या जागी ठेवलेली सुपारी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण नांदेडला पोलीस निरीक्षक असताना एका पोथीच्या चोरीचा तपास केला होता, तो मात्र परवा केल्यासारखा आठवतो. इथे मी कोणाचंही नाव घेणार नाही. त्या माणसांना पुन्हा चारचौघांत उभं करायची माझी इच्छा नाही.

शहरात एक संशोधन संस्था होती. नांदेड-लातूरकडच्या गावांतून लोकांच्या घरची जुनी हस्तलिखितं आणि घरगुती पत्रं गोळा करायची, जपायची आणि त्यांचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. त्या वर्षी संस्थेनं या कागदांचं प्रदर्शन भरवलं होतं. शेवटच्या दिवशी, ज्या घरांनी कागद दिले होते त्यांना बोलावून त्यांचा सत्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची हजेरी चालू असतानाच संस्थेचे संचालक धापा टाकत ठाण्यात आले. "साहेब, आमच्या संस्थेची अब्रू गेली," एवढं म्हणून खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

गेली होती देवीच्या कथेची एक हाताने लिहिलेली पोथी, आणि तिच्यासोबत जुन्या पत्रांची जुडी. एका सासुरवाशिणीनं आपल्या आईला लिहिलेली कार्डं आणि अंतर्देशीय पत्रं होती ती. देगलूरकडच्या एका शेतकरी घरानं पोथी आणि पत्रं एकत्रच दिली होती, कारण त्या घरात पत्रंही पोथीच्या फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवायची रीत होती. संस्थेनं ती एका काचेच्या पेटीत मांडली होती. काच फुटलेली नव्हती, कुलूप शाबूत होतं. किल्ली एकाच व्यक्तीकडे असायची. किनवटकडची, तिशीतली एक संशोधक मुलगी, हंगामी नेमणुकीवर होती. या पत्रांवर ती पुस्तक लिहीत होती. संचालकांनी फिर्यादीत संशयित म्हणून तिचंच नाव घातलं आणि तिला कामावरून थांबवलं.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. पेटीत मखमलीचं कापड होतं, आणि पोथी होती त्या जागी, बरोबर मधोमध, एक अख्खी सुपारी. तिला हळद लागलेली होती. "आमच्या शिपायानं पाडली असेल, खातो तो," असं म्हणत संचालक ती झटकून टाकायला निघाले. मी त्यांचा हात धरला. पंचनाम्यात दिसेल ते लिहायचं असतं, नको ते झटकायचं नसतं. आमचा जमादार गालातल्या गालात हसत होता. सुपारी म्हटलं की पोलिसाच्या मनात काय येतं, ते वाचकांना सांगायला नको. तीही पाकिटात घालून सील केली आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

दुपारी निनावी फोन आला. "पोथी हैदराबादच्या गिऱ्हाइकाला चाललीय. त्या पोरीला आत घ्या, सगळं बाहेर येईल." माझा अनुभव असा की खरा खबऱ्या माल कुठे आहे ते सांगतो. ज्याला कोणाचा काटा काढायचा असतो, तो कोणाला धरायचं ते सांगतो. तरीही खबर आली की तिच्यामागे जावंच लागतं. रेल्वे स्टेशनवर आणि बस स्टँडवर माणसं लावली. हाती काही लागलं नाही. फोन करणारा संस्थेतलाच होता आणि त्याचा डोळा त्या मुलीच्या जागेवर होता, हे पुढे उघड झालं. त्याला मी समोर उभं करून जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलीला ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली आणि चौकशीला सुरुवात केली.

"प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी पेटी उघडली होती तुम्ही?"

"हो."

"कशासाठी?"

ती गप्प.

"बरं, कोणासाठी?"

पुन्हा गप्प.

खोटा आळ आलेला माणूस चिडतो. चोरी केलेला असला तर न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देत सुटतो. ही दोन्हीपैकी काहीच करीना. मग मी आवाज चढवला. नोकरी जाईल, पुस्तक जाईल, गावाकडे आईबापाला तोंड दाखवता येणार नाही, सगळं ऐकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडलं ते मात्र एक प्रश्न विचारायला.

"सर, ज्यानं नेलं असेल त्याला बेड्या घालतात का? वय झालेलं असलं तरी?"

आपण काय बोलून बसलो हे तिच्या लगेच लक्षात आलं आणि तिनं ओठ घट्ट मिटले. तिला चहा द्यायला सांगून मी बाहेर व्हरांड्यात आलो. नेणारं माणूस म्हातारं आहे आणि ही स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडून त्याला झाकतेय, एवढं उघड होतं. कोण, ते कळायचं होतं.

व्हरांड्यात उभा असताना ती सुपारी डोक्यात घोळू लागली. खायच्या सुपारीला कोणी हळद लावत नाही. आमचं घर अहमदपूर तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. देव्हाऱ्यातले टाक उजळायला सोनाराकडे द्यायचे असले, की माझी आई त्या जागेवर हळद लावून सुपारी ठेवायची. टाक परत येईपर्यंत त्या सुपारीलाच फूल वाहायची. "देव गावाला गेल्यात, जागा राखाय नको का?" म्हणायची. विकायला नेणारा कशाला जागा राखील? ज्यानं पोथी नेली त्याच्या दृष्टीनं ती संस्थेची वस्तू नव्हतीच, घरचा देव होता.

मी आत आलो आणि मुलीला एवढंच विचारलं, "देगलूरकडच्या त्या घरात म्हातारं कोण आहे?"

तिनं दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि मग सगळं सांगितलं. सत्काराला त्या घरचा कर्ता मुलगा आला होता, सोबत त्याची आई. जुडीतलं एक कार्ड उघडं करून काचेत लावलेलं होतं. म्हातारीच्या लेकीनं, सातव्या महिन्यात असताना लिहिलेलं. ‘माय, मला लई भूक लागते. हितं दुसऱ्यांदा वाढून घ्यायची लाज वाटते. रातच्याला तुझ्या हातची भाकर सपनात येती.’ कॉलेजची काही पोरं ते मोठ्याने वाचून खिदळत होती. सपनात भाकर आली म्हणून. म्हातारी त्यांच्या मागेच उभी होती. ते कार्ड लिहिल्यावर दोन महिन्यांनी लेक बाळंतपणात गेली होती.

"नंतर सगळे जेवायला गेले, तेव्हा आजी माझ्याकडे आल्या," मुलगी म्हणाली. "पोथीच्या पाया पडू दे म्हणाल्या. मी पेटी उघडून दिली. जरा एकलीला बसू दे म्हणाल्या, तर मी बाहेर जाऊन थांबले. परत आले तेव्हा त्या दुसऱ्या दारानं गेल्या होत्या. पेटीत बघितलं आणि समजले. तरी कुलूप लावलं आणि कोणाला बोलले नाही."

"का नाही बोललात?"

"ते कार्ड मीच निवडलं होतं, सर. खेड्यातल्या बाईच्या हातचं लेखन म्हणून. हिची आई जिवंत असेल, येऊन उभी राहील, हे माझ्या मनातही आलं नाही."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत गावी गेलो. वस्तूंची ओळख पटवायला मुलीला सोबत घेतलं. घर नवं, स्लॅबचं. भिंतीवर संस्थेचं सन्मानपत्र टांगलेलं. मुलगा पन्नाशीचा, सरळ माणूस. आम्ही का आलो ते ऐकून त्याचा चेहरा उतरला. तो आतल्या दाराकडे वळून ओरडला, "माय! ह्ये काय करून बसलीस? पोलीस आले की दारात!"

म्हातारी देवघरातून स्वतःच बाहेर आली. पोथीचं फडकं छातीशी धरलेलं. भ्यालेली नव्हती, रागावलेली होती.

"चोरी म्हनून राहिले व्हय मला? जागा राखून आले की मी. सुपारी ठिवली व्हती न्हाई का?"

"माय, तिथल्या लोकांना त्यातलं काही कळलं नाही," मी म्हणालो.

"पोथी म्या परत देनार व्हते, सायेब. देवीची हाय ती, कुटं बी ऱ्हाईल. परक्या जागी तिचं फडकं सोडून पत्रं कशी काढू? म्हून समदंच आनलं. पन पत्रं माझी हायत. लेकीनं मला लिव्हली, ह्येला न्हाई लिव्हली." तिनं मुलाकडे बोट केलं. "ह्येनं मला इचारलं बी न्हाई."

"वाळवी लागून राहिली व्हती, माय," मुलगा रडवेला झाला. "चांगल्या जागी ऱ्हातील म्हून दिली. अन् तुला कुटं वाचता येतंय?"

"तुझा बाप वाचून दावायचा. तो गेल्यापून नुस्ती हातात घिऊन बसते मी. तेवढं बी नको का?"

माझ्या सोबतचा जमादार मान खाली घालून उभा होता. कायद्यानं फडकं ताब्यात घेणं मला भाग होतं. घेतलं, पण जीपमध्ये ते तिच्याच मांडीवर राहू दिलं. ठाण्यात पोचेपर्यंत तिनं त्यावरचा हात काढला नाही.

संचालक अडून बसले. मुलानं दानपत्रावर सही केलीय, मग पत्रं संस्थेची, चोरी ती चोरी. माणूस वाईट नव्हता. पावसापाण्यातून आणि उंदरांच्या तोंडून त्यानं किती घरांचे कागद वाचवले होते, हे मी पाहिलं होतं. पण मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पत्र ज्याला लिहिलं त्याचं असतं, दुसऱ्यानं ते दान करून चालत नाही. आणि आपलीच वस्तू समजून जो उघड मनानं नेतो, त्याच्या मनात लबाडी नसते आणि लबाडीशिवाय चोरी होत नाही. मी न्यायालयात ‘क’ समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून नोंदला गेलेला गुन्हा असा अहवाल. तो मंजूर झाला. पोथी संस्थेला आणि पत्रं म्हातारीला द्यायचा हुकूम झाला. मुलीवरचा ठपका गेला आणि संस्थेनं तिला परत घेतलं.

पत्रं परत द्यायच्या दिवशी म्हातारी मुलासोबत आली. अंगठा उठवून जुडी घेतली. ती संशोधक मुलगीही आली होती, कोणी न बोलावता.

"आजी, कॉम्प्युटरमधल्या नकला पण काढून टाकल्या मी," ती म्हणाली. "पुस्तकातला भागही काढला. आता जगात हीच, तुमच्या हातातली."

तिच्या पुस्तकात मग काय उरलं असेल, हे मी विचारलं नाही. म्हातारीनं जुडी तिच्यापुढे धरली.

"वाच. ह्यो माझा पोरगा वाचतो, पन मोटारसायकल पळवल्यावानी वाचतो."

माझ्या खोलीतच ती वाचायला बसली. मी उठून बाहेर जाऊ लागलो, तर म्हातारी म्हणाली, "बसा, सायेब." बाहेर वायरलेस खरखरत होता, कोणीतरी मारामारीची तक्रार घेऊन आला होता. आत ती मुलगी एकेक कार्ड सावकाश वाचत होती आणि म्हातारीचे ओठ तिच्या आधीच हलत होते. नवऱ्यानं वाचून दाखवलेलं सगळं तिला तोंडपाठ होतं. भाकरीच्या कार्डावर मुलगी थांबली, तेव्हा पुढचं म्हातारीनंच म्हणून दाखवलं. तेव्हा माझेही डोळे भरून आले. पोलीस असलो म्हणून काय झालं.

सगळी पत्रं संपली. म्हातारीनं त्यातलं एक मागून घेतलं. लग्नानंतर लेक पहिल्यांदा नवऱ्यासोबत माहूरला देवीला गेली, तेव्हाचं. गडावर वाऱ्यानं पदर डोक्यावर ठरेना, बांगड्या भरताना कासारीण चेष्टा करून राहिली, मी लई हसले, असं काहीबाही लिहिलेलं. म्हातारीनं ते मुलीच्या हातात ठेवलं.

"ह्ये ठिवा तुमच्या काचंत. ह्यात ती हसून राहिली हाय. लोकास्नी हसायचं आसंल तर तिच्यासंगं हसू द्या."

त्यानंतरच्या नोकरीत लोकांची खासगी पत्रं माझ्या हाती पुष्कळ आली. आत्महत्येच्या प्रकरणांत, पळून गेलेल्या पोरींच्या तपासात. पूर्वी ठाण्यात अशी पत्रं जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचली जायची आणि त्यावर हशा पिकायचा. ते मी बंद केलं. तपासाला लागेल तेवढंच वाचायचं, मनात वाचायचं आणि घडी घालून ठेवायचं. साहेब म्हातारपणाकडे झुकले, असं माझ्या मागे शिपाई बोलायचे. बोलू दिलं.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम त्या संस्थेत गेलो. ते माहूरचं कार्ड काचेत होतं. खाली नाव नाही, गाव नाही. त्या मुलीच्या अक्षरात एवढीच एक चिठ्ठी होती: आईच्या परवानगीने.