सर शेवट विझू देत नसत

सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता आणि मी टाकीचं झाकण धरून उभी होते, तेव्हा सावियोचा फोन आला. सावियो आमच्या वाद्यवृंदात टिंपनी, म्हणजे मोठे नगारे वाजवतो. एरवी बोलायला लागला की आवरत नाही. त्या सकाळी तो एवढंच म्हणाला, "मंजिरी, सर गेले गं." मी विचारलं, "कुठले सर?" वास्तविक आम्हा सगळ्यांना मिळून सर एकच होते. पण आदल्या संध्याकाळी याच सरांनी मला फोनवर यथेच्छ झापलं होतं, "रविवारी तयारी करून आली नाहीस तर चेलो विकून टाक," असं म्हणून फोन आपटला होता. तो आवाज अजून कानात होता. त्या आवाजाचा माणूस जाईलच कसा? टाकी भरून वाहायला लागली, शेजारच्या वहिनी ओरडल्या, आणि मी आपली झाकण धरून तशीच उभी.

सरांचं घर वसईकडच्या चांदीप गावात. दुपारी आम्ही पोचलो तर ओटीवर त्यांच्या चपला नीट ठेवलेल्या होत्या. मला त्या चपलांचाच राग आला. येणारा प्रत्येक जण सरांच्या पत्नीला, काकूंना विचारत होता, "कसं झालं हो?" काकू कुणालाच उत्तर देत नव्हत्या. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं होतं, पण लोकांना तेवढ्यानं समाधान नसतं. दहाव्याला, तेराव्याला तेच विचारणं, आणि काकूंची तीच नजर, समोरच्या भिंतीवर. आज इतके आठवडे झाले तरी मला हे खरं वाटत नाही. धक्का ओसरतो म्हणतात... माझा तर अजून बसतोच आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत. वसईतल्या आमच्या शाळेत ते संगीत शिकवायचे. घर भातशेतीवालं, चुलते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या नादानं सर लष्कराच्या बँडमध्ये गेले, तिथेच वाद्यवृंद चालवायचं रीतसर शिक्षण झालं, आणि निवृत्त होऊन गावी परतले. मी व्हायोलिन शिकायला म्हणून गेले होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हात लांब हैत तुझे. तू चेलो घे. व्हायोलिनला कोनी पन मिळतं." आमच्या घरात कोकणातून आलेले टाळ-मृदंग होते, व्हायोलिनचा हा थोरला, गुडघ्यांत धरून वाजवायचा भाऊ आणला तेव्हा आई म्हणाली, "हे ठेवायचं कुठे?" तो आजही चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंग आणि कपाटाच्या मध्ये उभा असतो, आणि घरातले सगळे त्याला वळसा घालून जातात.

सरांचा वाद्यवृंद म्हणजे एक अजब खिचडी होती. व्हायोलिनवाले चर्चमधले, पितळी वाद्यं वाजवणारे लग्नाच्या बँडमधले, आणि मधे माझ्यासारखी विमा कंपनीतली माणसं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तालमीला जमायचं. निर्मळहून येणारे दोघे स्कूटरवर व्हायोलिनबरोबर घरच्या केळ्यांचा फणाही घेऊन येत. आणि अशा लोकांना घेऊन सर काय वाजवायचे, तर एकोणिसावं शतक संपता संपता युरोपात लिहिल्या गेलेल्या लांबलचक, दुःखानं ओथंबलेल्या सिम्फनी! एकदा तालमीत असा काही कळस आला की ट्राँबोनवाल्या राफेलचं भान हरपलं. वरातीत पोरं रंगात आली की बँडवाले तोच तुकडा पुन्हा घेतात; त्या सवयीनं राफेल खुशाल मागे गेला आणि कळस पहिल्यापासून वाजवू लागला. त्याच्यामागून अख्खी पितळी फौज गेली. तंतुवाद्यं पुढे, पितळ मागे, नुसता गोंधळ. आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले. मग म्हणाले, "राफेल, हितं कोन नाचत नाय. कितीबी आवडला तरी येकदाच." सरांचा कळस नेहमी असा एकदाच यायचा. बाकीचे वाद्यवृंद-संचालक त्या जागी रेंगाळतात, टाळ्यांची सोय करून ठेवतात. सर तिथून सरळ पुढे निघून जायचे, आणि ऐकणाऱ्याला चुटपुट लागून राहायची.

माझं आणि सरांचं भांडण मात्र शेवटावरून. आम्ही बसवत होतो त्या सिम्फनीचा शेवट मंद आहे. सगळी वाद्यं एकेक करून गप्प होतात, उरतात खर्जातले चेलो आणि डबलबास. जगभर हा शेवट हळूहळू विझवत नेतात, आणि मला तसाच आवडायचा. सरांना तो मंजूर नव्हता. शेवटचा सूर भरदार आवाजातच राहिला पाहिजे आणि तसाच एकदम थांबला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, "सर, इथे माणूस मरतोय. आवाज क्षीण नको का व्हायला?" तर म्हणाले, "कोनी सांगितलं तुला? माझा बाप बैलाला शिव्या घालत गेला. आवाज शेवटपर्यंत खणखणीत." मुंबईहून एकदा एक समीक्षक आले होते. त्यांनी चार ओळी लिहिल्या, त्यात 'उत्साही' हा शब्द होता आणि शेवटाबद्दल 'समज कमी पडल्याचा' शेरा. सरांनी कात्रण वाचून मला दिलं. "उत्साही म्हंजे बेसूर, बरं का," म्हणाले आणि चहा मागवला. त्यांच्याबद्दल छापून आलं ते एवढंच. त्यांचं ध्वनिमुद्रण कुणी केलं नाही. आम्हालाही सुचलं नाही. सर आहेतच की, असं वाटायचं.

सर गेले तरी त्या सिम्फनीचा जाहीर झालेला कार्यक्रम रद्द करायचा नाही असं ठरलं. मुंबईहून एक तरुण संचालक मदतीला आला, आदित्य. पोरगा गुणी, बोलायला गोड. त्यानं पहिल्याच तालमीत सांगितलं, शेवट विझवत न्यायचा. स्वरलेखनात तसंच आहे. त्याचं काही चुकत नव्हतं. आणि तो शेवटचा सूर माझ्या हातात होता. चेलोंच्या रांगेत मी पहिली. मी गज हलका केला की मागचे सगळे करणार. मला जे इतकी वर्षं हवं होतं ते आता कुणीही अडवणार नव्हतं. पण आम्ही तसं वाजवलं असतं तर सरांची ती सिम्फनी या जगात कुठेच उरली नसती. मला रात्र रात्र झोप लागेना.

गेल्या रविवारच्या तालमीला काकू आल्या. याआधी त्या कधीच आल्या नव्हत्या. मागच्या खुर्चीवर पदर घट्ट लपेटून बसल्या. आम्ही शेवटाशी आलो. आदित्यचा डावा हात खाली खाली येऊ लागला, आवाज कमी करा म्हणून. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. गज होता तसाच, पूर्ण वजन देऊन ओढत राहिले. मागे वळायची गरजही पडली नाही. चेलो, बास, सगळे माझ्याबरोबर होते. कुणाचंही काही ठरलेलं नव्हतं. आवाज सभागृहभर भरला आणि एकदम थांबला.

आदित्यचा हात हवेतच राहिला. "काय झालं?" त्यानं विचारलं. मागून काकूंचा आवाज आला.

"असाच झाला," त्या म्हणाल्या. "बरोबर असाच. त्या सकाळी मी इचारला, जेवाला काय करू? त्ये म्हनाले, 'वालाचा...' आन् थांबले. मी आपली उभी व्हती, पुढचा बोलतील म्हनून."