राणीमाशीच्या मागे

चऱ्होलीच्या रंभाला मधाचं फारसं कौतुक नव्हतं. तिला बघायची होती राणीमाशी. नवरा कोंडाजी धूर घालून मोहोळं उतरवायचा. पण त्या धुराच्या धांदलीत राणी कधी तिच्या नजरेला पडली नव्हती.

छप्पन्न साली ग्रामोद्योगाची माणसं गावात लाकडी मधपेट्या घेऊन आली. माश्या न मारता मध मिळतो म्हणाली. कोंडाजी हसला. रंभाने मात्र एक पेटी मागून घेतली. त्यांनीच तीत पेटीत पाळता येणाऱ्या सातेरी जातीच्या माश्या भरल्या आणि पेटी परसात शेवग्याखाली मांडून दिली.

झालं! रोज भाकऱ्या थापून झाल्या की रंभा झाकण काढायची, आतली पोळ्याची एकेक चौकट उचलून उन्हात न्याहाळायची. बोटं सुजली, गाल सुजला. राणी काही दिसेना.

"अगं, तुझ्या घराची कौलं काढून रोज कुणी डोकावलं, तर तू ऱ्हाशील का?" कोंडाजी म्हणाला.

"मी काय चोरतीया व्हय? नुसतं बगतीया."

एका दुपारी पेटीतून माश्यांचा लोट बाहेर पडला. परसावर घोंघावला आणि ओढ्याकडे निघाला. रंभा पदर खोचून मागे धावली. ओढ्याकाठच्या बाभळीला सगळ्या माश्या घोसासारख्या लटकल्या होत्या. कोंडाजी सवयीने पलिता घेऊन आला.

"धूर नगं! टोपली आणा."

तिने टोपली घोसावर उपडी धरली आणि माश्यांना हाताने हळूच वर सारू लागली. एकही चावली नाही. माश्या टोपलीतल्या अंधाराकडे चढू लागल्या, आणि त्यांच्यात एक लांबट, काळसर, आखूड पंखांची दिसली. बाकीच्या तिला वाट देत होत्या.

"अवं, ही बगा!"

जन्मभर मोहोळं उतरवणारा कोंडाजी खाली वाकला. "एवढीशी? हिच्यामागं समदं गाव निघालं?"

"पर हिला 'नीघ' म्हणून कुणी सांगितलं असंल?"

कोंडाजीने पलिता ओढ्यात विझवला.

माश्या पुन्हा पेटीत गेल्या. आता रंभा झाकण क्वचितच काढी. पेटीला कान लावून आतली गुणगुण ऐकत बसे. माश्या टिकल्या. पुढे शेजारच्या मोशी, डुडुळगावाकडून निरोप येऊ लागले: भिंतीत मोहोळ बसलंय, या. कोंडाजी टोपली धरायचा, रंभा माश्या सारायची, आणि दोघं त्यांना जिवंत घरी आणायची.