बावीस मिनिटांची आरती

साठच्या दशकातली, कानडी मुलखातली गोष्ट. चामराजपेटेतल्या आमच्या अंबाबाईच्या देवळात शुक्रवारच्या आरतीनंतर अर्धा तास बायकांची भजनं होत. एका वर्षी कमिटीने तो अर्धा तास एका प्रवचनकारांना देऊन टाकला. माझी बायको त्या भजनांत पुढे बसून गायची. घराबाहेर तिला गायला मिळत ती आठवड्यातून तेवढीच तीस मिनिटं. ती काही बोलली नाही, म्हणून मीच पेटलो. ऐन आरतीत उभं राहून निषेधाचा कागद वाचायचं ठरवलं. घरी तीनदा वाचून पाहिला. चार मिनिटं लागत होती.

शेजारच्या वकीलअण्णांना तो दाखवला. त्यांनी उघडलाही नाही.

“वाचणार कधी?”

“आरती चालू असताना.”

“दंडविधान, कलम दोनशे शहाण्णव. चालू पूजेत मुद्दाम व्यत्यय आणला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सरकारी नोकर ना तुम्ही?”

“आणि आरती संपल्यावर?”

“मग हवं तेवढं ओरडा.”

आरतीला बावीस मिनिटं लागत. माझं बंड तेवढ्याने पुढे गेलं.

शुक्रवारी खांबापाशी घड्याळ बघत उभा राहिलो. आमच्यात प्रत्येक घराच्या कुलदैवताची आरती वेगळी, आणि कोणी सुरू केली की मध्ये थांबवायची नाही असा रिवाज. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. पुजारी तबक खाली ठेवणार, तोच माझ्या बायकोने खंडोबाची आरती उचलली. ती संपते न संपते तो एका अक्कांनी जोतिबाची. मग रेणुकेची. बायकांचं हे कधी ठरलं, मला पत्ता नव्हता. प्रवचनकार उपरणं सावरत बसून राहिले. मी कागद दोनदा उघडला, दोनदा मिटला. पूजा चालू होती ना!

कमिटीचे अध्यक्ष वकीलअण्णांच्या कानाशी लागले, “अण्णा, यांना स्वल्प थांबवा की!”

“मी नाही बुवा. थांबवणाराच आत जायचा.”

एक्कावन्नाव्या मिनिटाला अध्यक्षांनी हात जोडले. “अक्का, पुढच्या शुक्रवारपासून तुमचा अर्धा तास तुम्हाला. सरी? चालेल ना?”

“सरी,” बायको म्हणाली, आणि मंत्रपुष्पांजली सुरू झाली.

घरी जाताना मी तिला सांगितलं, की वरची एकोणतीस मिनिटं मी कायदा काटेकोर पाळला.

“दिसलं की,” ती म्हणाली. “अख्ख्या देवळात टाळी न वाजवणारे तुम्ही एकटेच होतात.”