इंदूबाईंची सावड

इंदूबाईंना राग लवकर येतो हे पोशीरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. तो का येतो, हे विचारायच्या फंदात मात्र कुणी पडत नाही. कर्जत रस्त्यावर हर्षदचा छोटा शिवण कारखाना आहे. तिथे विमानातल्या मालाच्या पेट्या जमिनीला आवळून बांधायचे जाड पट्टे शिवतात. अकरा वर्षं प्रत्येक पट्टा इंदूबाईंच्या हातून जातो आणि त्यांचा शिक्का बसल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. गावाला विचाराल तर सांगतील, "म्हातारी नाडे तपासते."

हे "नाडे" त्यांच्या जिव्हारी लागायचं. एकदा माल बघायला साताऱ्याकडचे एक सुभेदार आले होते. त्यांनी सांगितलं होतं, "बाई, बर्फानं रस्ते बंद झाले की वर सीमेवर आमचं धान्य, रॉकेल, दारूगोळा सगळं विमानानं जातं. पलीकडचा आमची विमानं मोजत बसलेला असतो. ती रोज उतरताना दिसली की तो जागचा हलत नाही. लढाई होऊच नये, त्याचं हे काम आहे." त्या दिवसापासून इंदूबाई टाके आणखी बारकाईनं बघू लागल्या आणि पट्टे शिवणाऱ्या बायका आणखी वैतागल्या.

यंदा जुलैत घोळ झाला. एका यंत्राचा खालचा दोरा सैल पडला आणि दीडशे पट्टे कच्चे निघाले. माल रविवारी सकाळी पुण्याहून उडणाऱ्या विमानात चढायचा होता.

"मावशी, चार टाक्यांनी काय विमान पडतंय?" हर्षद म्हणाला.

"आत पेटी सुटली तर पडंल! मी शिक्का मारणार नाय."

"मग उसवून शिवणार कोण? सगळ्या बायका भातलावणीला गेल्यात."

इंदूबाई चरफडत शेतांच्या बांधावर गेल्या. त्या बायकांतल्या चिंधीनं चिखलातूनच भाताच्या रोपांची पेंडी हलवली. "आमचं आवण कोण लावंल गं? तुजं सैन्य येतंय काय?"

"मी लावते. सावड धर," इंदूबाई म्हणाल्या. "तुजे दोन दिवस मशीनवर, माजे दोन दिवस तुज्या शेतात."

सावड म्हटल्यावर चिंधीला नाही म्हणता येईना. दिवसाला दिवस द्यायचा, हा गावचा जुना व्यवहार. अशा सहा जणी मिळाल्या. म्हणजे साठीच्या गुडघ्यांवर बारा दिवसांचा चिखल आला. इंदूबाईंना स्वतःचं शेत नव्हतं. शेलूकडचा तुकडा पोरांनी इमारतीवाल्याला विकला, त्यालाही सहा वर्षं झाली होती.

गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या पट्ट्यावर शिक्का बसला. कारखान्याचा ड्रायव्हर गजा ट्रक घेऊन पुण्याला निघाला आणि शुक्रवारी इंदूबाई चिंधीच्या शेतात उतरल्या.

शनिवारी दुपारी हर्षदचा फोन आला. "मावशी, माल पोचलाच नाय! सुभेदारांचे तीन फोन आले. गजा फोन उचलत नाय. ट्रक घाटाखाली शिळफाट्याला उभा हाय म्हणे. मी दुसरा ड्रायव्हर शोधतोय, पण एक मिळंल तर शपथ!"

इंदूबाई तशाच चिखलाच्या पायांनी टेंपोत बसल्या. शिळफाट्याला ट्रक ताडपत्री ओढून चहाच्या टपरीशेजारी उभा होता. टपरीवाल्यानं मागच्या शेतांकडे बोट दाखवलं. गजा तिथे आपल्या शेतात आईबरोबर लावणी करत होता.

"उद्या सांजंपातूर उरकतो न् निघतो, मावशी," तो शांतपणे म्हणाला. "फोन घरीच ऱ्हायला. पट्टे काय नासणार हायत काय?"

इंदूबाईंना संतापानं रडूच आलं. टाके पाहिले, बायकांच्या विनवण्या केल्या, गुडघे मोडून घेतले आणि माल कुठे अडला, तर घाटाच्या पायथ्याशी! शत्रूनं नाही, बर्फानं नाही, आपल्याच गजानं अडवला. हातातली पिशवी त्याच्या डोक्यात घालावी असं त्यांना वाटलं. पण गजाला मारून ट्रक पुण्याला जाणार नव्हता.

त्यांनी लुगडं खोचलं आणि बांधावरून खाली उतरल्या.

"हो बाजूला. आण ती पेंडी हिकडं."

"मावशी, तुमी कशाला..."

"तुजी लावणी मी करते. आज करते, उद्याबी करते. तू आत्ता ट्रकवर बस. उद्या सकाळी इमान उडायच्या आत माल तिथं दिसला पायजे. जा म्हणते ना रं!"

गजानं आईकडे पाहिलं, बांधावर पाय धुतले आणि मान खाली घालून निघाला. थोड्या वेळानं ट्रक घाटाकडे वळला.

गजाची आई शेजारी वाकून लावू लागली. मग ओशाळून म्हणाली, "बाय, तुजी सावड आमी कदी फेडायची गं? तुजं शेत कुठं हाय?"

"माज्या शेतावर इमारत हाय," इंदूबाई म्हणाल्या. "तू येवडंच कर. ट्रक भरलेला असंल तवा पोराला लावणीला बोलवू नको."

एवढं बोलून त्या पुन्हा वाकल्या. गुडघा ठणकत होता, आणि पोशीरला अर्धी लावणी टाकून आल्याबद्दल चिंधी त्यांच्या नावानं खडे फोडत असणार होती.