गिटारवाल्यासाठी अर्धं शटर

अत्तराचा वास आला की अकोल्यातलं सलीमभाईंचं कॅसेटचं दुकान आठवतं. शेतीची ती वाईट वर्षं होती. आमचा लाडका परदेशी ब्लूज गिटारवादक विमान कोसळून गेला, तेव्हा सलीमभाईंनी कानातला अत्तराचा फाया काढला, घरचं कुणी गेल्यासारखं शटर अर्धं ओढलं आणि त्याचीच कॅसेट लावली.

बाळापूरकडचा एक शेतकरी वाकून आत डोकावला.

"कोन गेलं, भाई?"

"गिटार वाजवनारा होता. जवान पोरगा."

"फवारनीचं औषध पेला काय?"

"नाही हो काका. इमान पडलं त्याचं."

"मंग ठीक हाये," म्हणत तो सुटल्यासारखा निघून गेला.

आत कॅसेटी चाळणारा मी संतापाने धुमसत राहिलो.

परवा गावाकडचा एक तरुण गेल्याचा फोन आला. मोटरसायकलचा अपघात, असं कळलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "मंग ठीक हाये."