गेणूभाऊंची बाटली

गेणूभाऊ कोपरापर्यंत हात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगात खुपसून उभे होते. बाहेर काढला तेव्हा हातावरून वाफ निघत होती. बेलापूरजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून मी त्याच दिवशी रुजू झालो होतो, आणि हे गृहस्थ माझे लॅबमधले मदतनीस! "सायेब, ह्यो ढीग मेल्याला न्हाई," ते म्हणाले. "आत कुनीतरी जेवतंय."

माझ्या आधीच्या केमिस्टने त्यांना सांगितलं होतं, की ढिगाच्या गाभ्यात, हाताला चटका बसेल अशा उष्णतेत, काही जंतू वाढतात आणि त्यांच्या पाचकरसाने उसाचा चिवट चोथा फुटतो. गेणूभाऊंनी तसले जंतू पाण्याच्या बाटलीत घालून ती बॉयलरच्या वाफेच्या पाइपाला सुतळीने बांधून ठेवली होती. त्यातलं थोडं पाणी काचनळीत घेत, त्यात गाळणकागदाची पट्टी टाकत आणि नळीही तिथेच बांधत. आठवड्यात पट्टीचा लगदा होई. नळी माझ्या नाकासमोर धरून म्हणत, "जेवले बगा!" मला हसू यायचं. मी पदवीधर ना!

ते दुष्काळाचे दिवस होते. गेणूभाऊंच्या गावाजवळ, तिसगावकडच्या जनावरांच्या छावणीत त्यांचा म्हातारा बैल होता. तिथे कडबा संपून कोरडं बगॅस घालायला लागले होते आणि ते खाऊन जनावरांची पोटं फुगत होती. गेणूभाऊ बाटलीतलं पाणी शिंपडून, गोणपाटाखाली उबवून टोपलीभर चोथा मऊ करत आणि दर रविवारी एसटीने घेऊन जात. "रवंथ करतोय गडी," एवढं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

ऊस संपला, गाळप लवकर बंद पडायची वेळ आली. बैलाला बघायला जाताना गेणूभाऊ बजावून गेले, "सायेब, बाटलीची ऊब मोडू देऊ नगा."

बॉयलर निवला. जंतू टिकवायचे तर थंडीत ठेवावेत, असं मी कॉलेजात शिकलो होतो. मोठ्या शहाणपणाने बाटली फ्रिजमध्ये ठेवली.

चौथ्या दिवशी ते आले. बाटली गालाला लावून पाहिली. मग त्यातलं पाणी आणि नवी पट्टी घातलेली नळी कँटीनच्या चुलीशेजारी गरम पाण्यात ठेवून आम्ही आठ दिवस वाट पाहिली. पट्टी जशीच्या तशी. उष्णतेत वाढणारे ते जंतू थंडीने मेले होते. गाभ्यातून पुन्हा जंतू घ्यायला धावलो, तर सगळा ढीग ट्रकांतून छावण्यांकडे गेलेला. मी माफी मागितली. "तुमाला थंडीच शिकिवली, सायेब. तुमचा काय दोस," ते म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी ते रिकामी टोपली घेऊन गेले आणि परत कामावर आले नाहीत. पोट फुगून बैल गेल्याचं त्यांच्या गावच्या एका माणसाकडून कळलं. तिसगाव काही लांब नव्हतं. एसटी रोज होती. मी गेलो नाही, त्यांना दाखवायला मला तोंड नव्हतं.

ती नळी अजून माझ्या कपाटात आहे. आतली पट्टी अख्खी आहे.